गुडघाभर खाडी

बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या कोळीवाड्यात पोहता न येणारा माणूस एकच, आणि तो मी. आमच्याकडे मांजरांनासुद्धा पोहता येतं. शेजारच्यांची एक म्हातारी कोंबडी एकदा जेट्टीवरून खाडीत पडली, तर ती अजिबात घाई न करता काठाला आली, अंग झटकलं आणि सगळ्यांसमोर अंडं घालून घरी गेली. अशा गावात जन्मून मी मात्र कोरडाच राहिलो. बाकीची पोरं भर दुपारी होड्यांवरून उड्या मारायची, तेव्हा आमची आय मला सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसवायची, हातात काठी द्यायची आणि म्हणायची, "कावले हाकलायला तुज्यासारका पोरगा आख्ख्या गावान नाय." मी फुगायचो. माझी कीर्ती कावळ्यांत इतकी पसरली की पुढे पुढे त्यांनी दिवाळ्यावरून उडणं सोडून उरणमार्गे वळसा घ्यायला सुरुवात केली. पण पाण्याचा आणि माझा संबंध आंघोळीपुरताच राहिला.

मोठेपणी या गोष्टीवर झाकण घालायला मी निरनिराळी झाकणं वापरली. कॉलेजात सांगायचो, लहानपणी मला एका मोठ्या माशाने पायाला धरून न्हावा-शेव्यापर्यंत ओढत नेलं होतं, तेव्हापासून मीच माशांना माफ केलंय. ऑफिसात सांगितलं, माझी हाडं जड आहेत. लग्न ठरलं तेव्हा मात्र अवघड झालं. बायको साताऱ्याकडची. ती पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, आणि पुढे भोपळा काठावर ठेवून कठड्यावरून असे मुटके मारायची की अर्धं पाणी शेताला आपोआप जायचं. तिला मी म्हणालो, "खऱ्या कोळ्याला पोहावं लागत नाही. पोहायची पाळी आली, म्हणजे होडी नीट हाकली नाही."

ती म्हणाली, "बरं."

साताऱ्याकडच्या बाईचं 'बरं' ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना सांगतो, त्यापुढे कोर्टाचा निकाल मऊ वाटतो.

आता आम्ही दोघं सीवूड्सला बाराव्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून खाडी दिसते, हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात आणि डोळे बारीक केले तर दिवाळ्याच्या होड्याही दिसतात. आय दिवाळ्यातच राहते, मासळी विकते. तिला मोठ्या हौसेने वर राहायला आणलं होतं. ती गॅलरीत उभी राहिली, खाली बघितलं आणि म्हणाली, "होड्या बग कशा दिसतान, कोनी चपला काढून ठेवल्यावानी. आनि हितं कोनाच्या फोडनीचा वास येत नाय. मानूस जगतं कसं?" दुपारचं जेवून ती परत गेली.

तर गेल्या डिसेंबराच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक नोटीस लागली. 'मावळत्या वर्षाचे आभार आणि येत्या वर्षाचा संकल्प. क्लबहाऊसमध्ये सर्वांनी यावे. कृपया वास्तववादी ध्येय आणावे. अल्पोपाहाराची सोय आहे.' आमचे सेक्रेटरी नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्तीच्या आधी त्यांना कुठल्याशा शिबिराला पाठवलं होतं आणि ते शिबीर त्यांच्या अंगात राहिलं होतं. ध्येय म्हटलं की त्यांचे डोळे चमकायचे, वास्तववादी म्हटलं की पाणावायचे.

लोक अल्पोपाहाराला आले आणि संकल्पात सापडले. पहिल्या आल्या नवव्या मजल्यावरच्या बाई. त्यांनी लिफ्टचे आभार मानले, कारण वर्षभरात ती जेव्हा जेव्हा अडकली तेव्हा मोबाइलला रेंज होती. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी शेजारच्यांना रोज नमस्कार करीन."

सेक्रेटरी हळवे झाले. "ताई, एकदम नमस्कार नको. झेपणार नाही. मान हलवण्यापासून सुरुवात करू."

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मी जिमला जाणार."

"जिमच्या दारावरून जा," सेक्रेटरी म्हणाले. "आत डोकावायचं की नाही ते दिवाळीत ठरवू."

अशी एकेक ध्येयं छाटत छाटत ते माझ्यापर्यंत आले. तोवर सभागृहात इतकं वास्तव साठलं होतं की श्वास घ्यायला जड जात होतं. माझ्या हातात माइक आला. माइकचं आणि माझं काय नातं आहे मला माहीत नाही. घरात मी बायकोला मीठ दे म्हणताना दोनदा विचार करतो, पण माइक हातात आला की माझ्या जिभेला शीड फुटतं. मी फ्लेमिंगोंचे आभार मानले, खाडीचे मानले, होडीचे, वाऱ्याचे, पूर्वजांचे मानले, आणि त्याच वेगात म्हणालो, "मी कोळ्याचा पोरगा! येत्या वर्षी ही समोरची खाडी मी पोहून पार करणार!"

मग टाळ्या अशा पडल्या की ताटातले सामोसे उलथे झाले. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, "पण हे वास्तववादी आहे का हो?"

"कोळ्याला विचारता?" मी माइकवरच म्हणालो. पुन्हा टाळ्या.

बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं आणि हातातला दुसरा सामोसा परत ताटात ठेवला. तिने सामोसा परत ठेवलेला मी तोवर पाहिला नव्हता.

माझी तरी समजूत अशी, की संकल्प म्हणजे काय, डिसेंबरात बोलायचं आणि जानेवारीत विसरायचं. कुणाचं काही जात नाही. पण सेक्रेटरींनी माझा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, आणि मी लिफ्टने बाराव्या मजल्यावर पोचायच्या आत तो दिवाळ्याला पोचला. दार उघडतोय तोच आयचा फोन.

"बाला, खरा हाय काय रं?"

"काय, आय?"

"खाडी पार करनार बोललास."

"अगं, ते आपलं बोलायचं असतं. सोसायटीचा कार्यक्रम होता."

"माइकवर बोललास," आय म्हणाली. तिचा आवाज मी इतका गंभीर कधी ऐकला नव्हता. "देवीची आरती माइकवर होते. गावची बैठक माइकवर होते. माइकवर कोन थापा मारतो?"

यावर मला पुष्कळ उदाहरणं देता आली असती, पण ती पुढे बोलत होती. "कोल्याच्या पोराला पोवता येत नाय म्हनून सगला गाव हसला तुना. आज तू पयल्यांदा तोंड उघारलास. तो सबूद खाली परू देनार नाय मी. आताच गावदेवीला सांगून आलंय, माजा पोरगा खाडी पार करी परयंत मी मासली तोंडान घेनार नाय."

मी भिंतीला टेकलो. तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या गावात माणूस स्वतःशी काही ठरवतो, ते ठरलेलं नसतं. देवीपुढे बोललं की ते ठरतं, आणि त्याला नवस म्हणतात. नवसाला वर्षअखेर नसते, सवलत नसते. आणि आयची मासळी म्हणजे! मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर ती मासळीशिवाय जेवलेली मला आठवत नाही. चहाबरोबर बिस्कीट मिळालं नाही तर ती सुक्या जवळ्याची चिमूट घेते.

पहिला आठवडा ताठ्यात गेला. मग आय वाळायला लागली. बांगड्या कोपराकडे सरकल्या. मासळी ती विकतच होती, पण विकताना पापलेटाकडे अशा नजरेने बघायची की गिऱ्हाइकाला आपण कुणाच्या लेकीला न्यायला आलोय असं वाटायचं. बेलापूरच्या एक बाई भाव न करता पापलेट घेऊन गेल्या आणि घरी जाऊन, म्हणे, त्याला पांघरूण घातलं. आय मासळीची डोकी ज्यांना टाकायची ती मांजरं घरापुढे रांगेने बसून माझ्या नावाने ओरडू लागली. मी दिवाळ्यात पाऊल टाकलं की माझ्या मागे मोर्चा.

बायकोने हात टेकले नाहीत. तिने वांग्याचे काप पापलेटाच्या आकारात कापले, मसाला लावला, तळले, शेपटीला कढीपत्ता खोचला आणि डबा घेऊन दिवाळ्याला गेली. आयने ताटाकडे बराच वेळ बघितलं.

"सुने, याचे डोले कुटं हायेत?"

"आत्याबाई, डोळे झाकून खावा. मग त्याचंबी दिसायचं न्हाईत."

आयने एक घास खाल्ला. "चांगला हाय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. ते बघून मला हसू आलं नाही.

मग बायकोने मला हातात घेतलं. "भोपळा बांधते पाठीला," म्हणाली, "आणि सोसायटीच्या टाकीत सोडते." स्विमिंग पूलला ती टाकीच म्हणते. तिच्या विहिरीपुढे ती टाकीच होती म्हणा. सीवूड्सच्या मॉलमध्ये वाळका भोपळा मिळाला नाही. मिळालं ते एक रबरी बदक. ते कमरेला घालून मी एका सकाळी काठावर बसलो आणि अंगठा पाण्याला लावला. लावला मात्र, कुठेतरी खाली गडगड झालं, पंप बंद पडला आणि पाणी खाली खाली जात तळाच्या फरशा दिसायला लागल्या. दुरुस्ती करून पुन्हा भरलं. पुन्हा मी गेलो, तर रात्रीतून पाणी हिरवंगार, पालकाच्या भाजीसारखं. ते उपसलं, धुतलं, भरलं. तिसऱ्या खेपेला मी पायरीवर उभा, आणि वरून एक फ्लेमिंगो उतरला. खोटं सांगत नाही. हजारो पक्ष्यांतून वाट चुकून एक आमच्या पूलमध्ये उतरला आणि एका पायावर उभा राहून माझ्याकडे बघायला लागला. लगेच पक्षिमित्र मंडळी आली, भोवती दोरी बांधली, आणि पाहुणा आपण होऊन जाईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही असं ठरलं.

सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "रागावू नका, पण तुम्ही येता आणि पाणी जातं. पाण्यालाच तुमचं ध्येय मान्य नसावं."

मी हसत घरी आलो. गॅलरीत बसून फ्लेमिंगोंकडे बघत बायको म्हणाली, "ते बघा. पार करायचं म्हणत न्हाईत. गुडघाभर पाण्यात उभं राहत्यात आणि पोटभर खात्यात." मी म्हणालो, त्यांना माइक कोण देतो.

त्याच दुपारी मामाचा फोन आला. मामा म्हणजे आयचा मोठा भाऊ, दिवाळ्यातच राहतो आणि गावदेवीच्या देवळाची सगळी व्यवस्था बघतो. आयला बाजारात चक्कर आली होती. पाटी डोक्यावरून उतरवता उतरवता ती खाली बसली ती तिथेच. आम्ही पोचलो तेव्हा ती घरी खाटेवर होती, आणि डॉक्टर तिला समजावत होते की या वयात एकाएकी आहार बदलू नका, अंगात ताकद राहिलेली नाही, मासळी खा.

"मना कशाला सांगतंस?" आय डोळे मिटूनच म्हणाली. "देवीला सांग."

डॉक्टर माझ्याकडे बघून निघून गेले. आयचा हात माझ्या हातात होता. आयुष्यभर त्या हाताला बर्फाचा आणि बोंबलाचा वास. आता नुसता साबणाचा येत होता. मी म्हणालो, "आय, मी खाडी पार करू शकत नाही गं. मेलो तरी नाही."

"मेलास तर कशी करशील?" ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

दारातून मामा म्हणाला, "बये, हट सोड. उद्या सकाली देवीलाच इचारू. ती कमी करून देती का बगू."

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डिसेंबर संपायला आला होता. सकाळी देवळात आम्ही चौघंच, मामा, आय, बायको आणि मी. आयला खुर्ची आणली होती, पण ती जमिनीवरच बसली, जशी बाजारात बसते तशी, एक गुडघा वर करून. मला वाटलं गंभीर काही होईल. पण आयने पदर खोचला आणि मला कळलं, ही भाव करायला बसली आहे.

मामाने पाकळ्या लावल्या, हात जोडले. "माय, पोरगा होडीतून खाडी पार करंल, चालंल का..."

डावी पडली.

"अजून माजा इचारून झाला नवता," मामा म्हणाला.

"होडीचा कशाला बोलतंस, दादूस?" आय चिडली. "तिना काय बुद्दू समजलास? माय, अर्दी खाडी. अर्दीच. उरलेली त्याचा पोर करंल."

डावी.

"बरा, टायर घालून?"

डावी. इतकी लांब उडाली की मामाला खांबामागून शोधून आणावी लागली.

"बदक घालून?" मी सुचवलं. तिघांनीही माझ्याकडे बघितलं. देवीनेही बघितल्यासारखं वाटलं.

मग आयने शेवटचा भाव सांगितला. "माय, त्याच्या बिल्डिंगीच्या टाक्यान पोवंल. या टोकापासून त्या टोकापरयंत. याच्या खाली मना परवडत नाय."

आणि काहीच झालं नाही. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आम्ही वाट बघितली. बाहेर मच्छीची पहिली होडी आली, लिलाव झाला, होडी परत गेली, तरी पाकळ्या तशाच. मामाच्या कपाळाला घाम आला.

"देवी गप बसली," तो हळूच म्हणाला. "असा कवा होत नाय. अडचनीन हाय ती."

"देवीला कसली अडचण?" मी विचारलं.

बायको आता म्हणाली, "मामा, येऊ का मधी? आल्यापासनं आपण नुसतं मागतोय. सोसायटीत बी आधी आभार, मग संकल्प. मिळालेल्याचं नाव तरी घ्यावं."

मामाने मान डोलावली. "घाटावरची असून बरोबर बोलली."

आयने डोळे मिटले आणि सुरू केलं. आयचं आभार मानणं म्हणजे तिचं मासळी विकणंच, एकेक जिन्नस उचलून दाखवायचा. "माय, तुजा उपकार, गुडगं अजून चालतान. तुजा उपकार, घरान पानी शिरला पन चूल राखलीस. सून दिलीस, घाटावरची हाय पन भात मोकला शिजवते. दादूसला खोकला हाय, पन रात्रीचाच हाय, दिवसाचा नाय. आनि माय, माजा पोरगा. रांगत होता तवा होडीवरून परला. याच्या बापान जाल्यातून काडला, मांदेलीबरोबर, पोट केंड माशासारका फुगलेला, तोंडान एक कोलंबी. श्वास नाय. तुज्या पायाशी आनून ठेवला आनि बोलले, माय, परत दे, याचा पाय परत कवा पान्यान..."

ती थांबली.

मामाच्या तोंडातला मंत्र तोंडातच राहिला. बायकोने पदर तोंडाला लावला. मी आयकडे बघत होतो.

"आय," मी म्हणालो, "पुढे काय बोललीस?"

आयने एक डोळा उघडला. "पान्यान परू देनार नाय, असा बोलले. आनखी काय बोलनार? तवा काय कलत व्हता?"

"म्हणजे मला पोहता येत नाही ते..."

"मग? मीच तुना काटावर ठेवला. तुना काय वाटला, तू भितरा हायस?"

"मला तसंच वाटत होतं, आय. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं."

ती पुढे सरकली आणि माझ्या दंडाला हात लावला, जसा मासा ताजा आहे का बघायला लावतात तसा.

"आणि कावळे?" मी विचारलं. "मी कावळे हाकलण्यात हुशार होतो की नाही?"

"कावल्यांचा काय," आय म्हणाली. "कावले कोन पन हाकलतो."

एवढ्या वर्षांत मला खरोखर लागलं असेल तर हे वाक्य.

मामा मात्र उठून उभा राहिला होता. "बये, काय केलास गं? एका पोरासाटी दोन नवस? पयला बोललास पान्यान जाऊ देनार नाय. दुसरा बोललास पान्यातून पार जाईल. मदे देवी उबी. तिनं करायचा काय? तिचा पंप बंद परनारच की!"

मी पंपाची गोष्ट मामाला सांगितली नव्हती. बायकोने सांगितली असेल. पण आटलेला पूल आला डोळ्यापुढे, हिरवं पाणी आलं, एका पायावर उभा राहून माझ्यावर पहारा करणारा तो फ्लेमिंगो आला. देवी इमानदारीत नोकरी करत होती आणि आम्ही तिच्या नावाने खडे फोडत होतो.

"आता पयला नवस सोडवून घे," मामा म्हणाला. "नीट आबार मानून."

ही गोष्ट सोपी असेल असं मला वाटलं होतं. दोन वाक्यं बोलायची. पण आय बोलेना. ती देवीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा देवीकडे. ओठ हलायचे आणि थांबायचे. खाडी पार कर म्हणताना जिचा आवाज कापला नव्हता, ती आता कापत होती. मासळीशिवाय राहणं तिला जमलं होतं. मला पाण्याजवळ सोडणं जमत नव्हतं.

शेवटी बायको तिच्याशेजारी बसली. "आत्याबाई, मला येतंय पोहायला. मी असते की संगं."

आयने तिच्याकडे बघितलं. मग देवीकडे वळून म्हणाली, "माय. एवरी वर्सं तू याला कोरडा ठेवलास. तुजा लय उपकार. आता याचा पोट बग. हा बुडायचा नाय, तरंगंल. घाटावरची बाय हाय याच्याबरोबर. आता..." तिने सुनेचा हात धरला. "आता तू जरा बस. सोड त्याला."

उजवी पाकळी पडली. उडाली नाही, घसरली नाही. सरळ खाली, आयच्या पदरात.

पुढचा भाव पटकन झाला. मामाने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "माय, मग आता किती? घोट्यापरयंत?" डावी पडली. तेवढी स्वस्त देवी नाही. "गुडग्यापरयंत?" उजवी पडली, आणि मला वाटतं थोडी हसत पडली.

एक जानेवारीच्या सकाळी भरतीच्या वेळेला दिवाळ्याच्या जेट्टीवर जेवढा गाव जमला तेवढा नारळी पुनवेलाही जमत नाही. सीवूड्सहून सोसायटी आली होती. सेक्रेटरींनी स्पीकर आणला होता, पण मी माइकला हात लावायचा नाही असं बायकोने आधीच ठरवून घेतलं होतं. नवव्या मजल्यावरच्या बाईंनी सगळ्यांकडे बघून मान हलवली. मांजरं पुढच्या रांगेत होती.

आयने होडी बांधायचा जाड दोर आणला होता. तो तिने माझ्या कमरेला बांधला, गाठ ओढून बघितली, सोडली, पुन्हा बांधली. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. बायको साडी खोचून आधीच पाण्यात उतरली होती आणि कमरेभर पाण्यात उभी राहून हात पुढे करत होती.

मी पाऊल टाकलं. खाडी आटली नाही. हिरवी झाली नाही, होती तेवढीच हिरवी राहिली. चिखल बोटांमधून वर आला, गार, मऊ, आणि मला वाटलं हा तर ओळखीचा आहे. पाणी घोट्याला आलं. पोटरीला आलं. मागे दोर ताणला गेला.

"बस!" आय ओरडली, "आला! गुडगा आला!" ती अशी ओरडली की पलीकडे उरणच्या बाजूला एका जहाजाने भोंगा देऊन विचारलं, काय झालं.

गाव ओरडला, सोसायटी ओरडली. सेक्रेटरी स्पीकरवर "वास्तववादी! वास्तववादी!" करत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं. मामाने पानात गुंडाळलेला तळलेला बोंबील आयच्या हातात दिला. आयने देवळाच्या दिशेला मान वाकवली आणि घास घेतला.

खाडीत उभा राहून मी माझ्या आयचं चावणं बघत होतो. मांजरंही बघत होती.

"मीठ कमी हाय," आय म्हणाली, आणि दुसरा बोंबील मागितला.

मी हसलो. म्हणालो, "आय, आता दोर सोड. हात तरी मोकळा होईल खायला."

तिने तोंडातला घास सावकाश संपवला. काटा बाजूला काढून मांजरांना टाकला. मग माझ्याकडे बघत दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि म्हणाली, "एका हातान खाते. तू उबा रहा."